दुसरं तिकीट कुणाचं?

दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या घरातून काय निघेल, सांगता येत नाही. २०२५ च्या दिवाळीत अक्कांच्या घरातून एक पांढरा पट्टा निघाला.

आमच्या आणि अक्कांच्या अंगणामधली भिंत छातीएवढी आहे. बांधली तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, अजून दोन थर चढवू. अक्कांनी चढवू दिले नाहीत. "मंग बोलायचं कुठून?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून भोकरदनातली निम्मी बातमी त्या भिंतीवरूनच इकडून तिकडे जाते. त्या दिवशी मी दोरीवर धुणं टाकत होते, आमचे सासरे आप्पा बाजेवर पेपर घेऊन बसले होते, आणि अक्का आल्या. पट्टा दोन बोटांत असा धरलेला, जशी मेलेली पाल.

"बाई, हे बघ बरं काय आहे."

"कुठं सापडलं?"

"धाकट्याच्या जुन्या बॅगंत. दवाखान्यात भरती केलं की मनगटाला बांधतात ना, तसलंच दिसायलंय." आवाज एकदम खाली आला. "पोरगं अ‍ॅडमिट होतं का गं पुण्याला? आन आम्हाला कळूबी दिलं नाही?"

मी हातात घेतला. पांढरा, मनगटाएवढा, मध्ये बारकी डबी बसवलेली. मी लगेच ओळखला.

"अक्का, दवाखान्याचा नाही हो. हा कोल्डप्लेचा."

"कोल्ड म्हणजे सर्दीच ना? म्हणजे दवाखानाच की."

"अहो, गाण्याचा बँड आहे. विलायती."

"बँड?" आप्पांनी पेपर खाली घेतला. आप्पांना एरवी ऐकू कमी येतं, पण भिंतीवरचं सगळं ऐकू येतं. "कुणाच्या लग्नात?"

मग मी सांगायला बसले. लंडनच्या कॉलेजातली चार पोरं. १९९६-९७ च्या सुमारास एकत्र आली, आता पन्नाशीला टेकली, तरी पोरंच म्हणायचं. क्रिस मार्टिन गातो आणि पियानो वाजवतो, बाकीचे तिघं गिटार, बेस आणि ड्रम. २०२१ च्या ऑक्टोबरात त्यांचा 'म्युझिक ऑफ द स्फिअर्स' नावाचा अल्बम आला. तो घेऊन ते १८ मार्च २०२२ ला कोस्टा रिकात पहिला कार्यक्रम करून जे निघाले, ते दोन्ही अमेरिका, युरोप, आशिया, ऑस्ट्रेलिया करत साडेतीन वर्षं फिरतच होते. दोनशेच्या वर कार्यक्रम आणि एक कोटीच्या वर तिकिटं. २०२५ मध्ये लंडनच्या वेम्ब्लीत ओळीनं दहा खेळ केले, तेव्हा कुठं थांबले.

"म्हणजे फडाचा दौरा," आप्पा म्हणाले.

"आप्पा, ते कुठं आन तमाशा कुठं!" अक्कांनी पदर डोक्यावर सारखा केला. आप्पांसमोर तमाशा शब्द उच्चारला की त्यांचा हात आपोआप पदराकडे जातो.

पण आप्पा आता बाजेवर मांडी घालून बसले होते. "काहून? फरक सांग. फड दसऱ्याला निघतो, उन्हाळा सरल्यावरच घरी येतो. आज या गावची जत्रा, उद्या त्या गावची. रात्री खेळ, पहाटे कनात गुंडाळली, ट्रक भरले, निघाले. माणसं निजणार ट्रकातच. ह्या तुझ्या विलायतवाल्यांचंबी तसंच असंल. सामान कोण वाहतं त्यांचं?"

"ट्रकच वाहतात."

"झालं की मंग! आन सुपारी? पाडव्याच्या आधी नारायणगावला राहुट्या पडतात. प्रत्येक फडाची एक राहुटी. गावोगावचे जत्रेचे पंच तिथं जाऊन कोणता फड, कोणत्या तारखेला, किती पैशाला, सगळं ठरवून येतात. मी गेलेलोय पंचांसंगं. त्यांचीबी राहुटी कुठंतरी असंलच की लंडनला."

मला हे आवडलं. वर्तमानपत्रं या असल्या दौऱ्यांबद्दल असं लिहितात की जणू काही हे परवाच कुणाला तरी सुचलं. अल्बम म्हणजे काय, तर नवा वग. गण-गवळण तीच, जुनी; लोक तिच्यासाठीच येतात. पण दरसाल नवा वग पाहिजे, नाहीतर गाव म्हणतं, मागल्या वर्षीचंच आणलं. कोल्डप्लेनंही दौऱ्याच्या मध्यात, २०२४ च्या ऑक्टोबरात, 'मून म्युझिक' हा दुसरा अल्बम काढला आणि त्यातली गाणी चालू दौऱ्यातच घातली. एक मात्र उलटं झालंय. पूर्वी हे लोक तबकडी खपावी म्हणून दौरा काढत. आता गाणी मोबाईलवर जवळपास फुकट मिळतात, तबकडी घेतो कोण? तेव्हा अल्बम निमित्ताला, आणि खरा गल्ला तिकीटबारीवर. फडवाल्यांना हे पहिल्यापासून ठाऊक होतं.

"विठाबाई नारायणगावकरीण," आप्पा म्हणाले, आणि जरा थांबले. "बाळंत झाली ती खेळ चालू असताना. पडद्यामागं जाऊन. नाळ दगडानं तोडली म्हणतात, आन परत उभी राहिली बोर्डावर. राष्ट्रपतीनं बोलवून मान दिला तिला. हे करतात का तुझे?"

"आप्पा, ते चौघंही पुरुष आहेत."

"मंग ऱ्हाऊ दे."

अक्कांचं लक्ष तमाशात नव्हतं. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "कधी झाला म्हणायलीस हा कार्यक्रम?"

"नवी मुंबईला, नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर. यंदाच्या जानेवारीत. १८, १९ आणि २१ तारखेला."

"अठरा." अक्कांचा चेहरा बदलला. "संक्रांत चौदाची. पोरगं घरीच होतं. अठराला म्हणला, मुंबईला कंपनीचं ट्रेनिंग आहे. जालन्याहून पहाटे पाचची ती वंदे भारत धरायची म्हणून मी रात्री दोनला उठले. दशम्या केल्या. ठेचा केला. तिळाचे लाडू बांधून दिले. ते ट्रेनिंगला!"

"ठाण्याला उतरला असंल, तिथून नेरूळची लोकल," मी म्हणाले.

"लोकल मरू दे. दशम्या कुठं खाल्ल्या त्यानं?"

हा प्रश्न अक्कांना शेवटपर्यंत सोडवता आला नाही. असल्या ठिकाणी घरचा डबा आत नेऊ देत नाहीत हे मी सांगितलं, तेव्हा त्या जेवढ्या हळहळल्या तेवढ्या खोटं बोलल्याबद्दल नाही हळहळल्या.

"आन रात्री नऊला फोन केलता मी. उचलला नाही."

"त्यांचं एक गाणं आहे, 'अ स्काय फुल ऑफ स्टार्स'. ते आलं की गायक मध्येच गाणं थांबवतो आणि सगळ्यांना सांगतो, आता फोन खिशात ठेवा, एवढं एक गाणं नुसत्या डोळ्यांनी बघा."

"एकच गाणं ना? मी सात वेळा लावलता."

यावर मी काय बोलणार? पट्ट्याकडे वळले. आत जाताना हा प्रत्येकाच्या मनगटाला देतात. मैदानातल्या यंत्राकडून इशारा आला की पेटतो. पन्नास-साठ हजार पट्टे एकदम लाल, एकदम पिवळे, मग निळे. माणसं दिसतच नाहीत, नुसता उजेड हलतो. आणि बाहेर पडलं की विझतो तो कायमचा. म्हणूनच अक्कांनी घरी कितीही दाबून पाहिला तरी पेटला नाही. वनस्पतीपासून केलेलं, मातीत मिसळणारं प्लॅस्टिक आहे म्हणे. जाताना परत टाकायचा असतो, पुढच्या गावी तोच वापरतात.

"परत द्यायचा असतो?" अक्का ताठ झाल्या. "म्हणजे ह्यानं चोरून आणला?"

"चोरून म्हणजे... राहिला असंल हातात."

"हॉटेलातला चमचाबी हातातच राहतो लोकांच्या."

मी म्हणाले, दौऱ्यात सायकलीही ठेवलेल्या असतात. लोकांनी पायडल मारायचं, त्यानं वीज तयार होते. जमिनीवर असे तक्ते टाकतात की वर नाचलं की वीज. ती जुन्या मोटारींच्या बॅटऱ्यांत भरून ठेवतात. तिकिटामागं एक झाड लावायचं. मागच्या दौऱ्याच्या मानानं धूर ५९ टक्के कमी केला, असं त्यांनीच जाहीर केलंय.

"पैसे देऊन आत जायचं आन सायकल मारायची?" अक्का म्हणाल्या. "हिथं ये म्हणावं. रात्रीची लाइट गेली की मोटारीला जोडू."

"आन ते स्वतः कशानं येतात?" आप्पांनी विचारलं.

"विमानानं."

"हं," आप्पा म्हणाले आणि पेपर वर घेतला. ५९ टक्क्यांचं त्यांच्या लेखी काय झालं ते त्या हुंकारात होतं.

अक्का पैशावर आल्या. येणारच होत्या. "तिकीट कितीला?"

मी सांगितलं. २०२४ च्या २२ सप्टेंबरला दुपारी बाराला विक्री उघडली, अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंत. मोबाईलवर रांग. लोकांना आपापला नंबर दिसायचा, आणि तो लाखांत. दोन दिवसांचा कार्यक्रम होता, रेटा बघून तिसरा वाढवला. नंतर तीच तिकिटं काळ्या बाजारात लाखांच्या घरात गेली आणि मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेला चौकशी लावावी लागली.

"राजूरला अंगारकीला असते तसली रांग," अक्का म्हणाल्या. "पण तिथं गणपती तरी असतो शेवटाला."

"तिथं हा क्रिस मार्टिन होता. आणि अक्का, तो मराठीत बोलला. तुम्ही सगळे आज छान दिसताय, म्हणाला."

"खरं?" पहिल्यांदाच अक्कांचा चेहरा निवळला. "मराठीत? बघ. हिथं बँकेतला साहेब दोन वर्षं झाली येऊन, अजून म्हणत नाही."

"बाबुलनाथला दर्शन घेतलं. नंतर प्रयागला कुंभमेळ्यालाही जाऊन आला."

"मंग चांगल्या घरचा असंल." अक्कांच्या मनात चांगल्या घरचा एकदा ठरला की विषय संपतो. पण पैशाचा संपला नव्हता. "आमच्यानं कितीचं काढलं असंल? पस्तीस हजाराचं नाही ना गं?"

त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणाले, "छे हो. मागून नोव्हेंबरात त्यांनी स्वस्तातली काढली होती. इन्फिनिटी तिकीट म्हणतात. दोन हजाराला एक. कोणती जागा मिळणार ते त्या दिवशी खिडकीवर गेल्यावरच कळायचं. फक्त एवढंच की ती जोडीनंच घ्यावी लागायची. दोन म्हणजे दोनच. कमी नाही, जास्त नाही."

बोलून गेले आणि माझीच जीभ चावली. माझ्या डोळ्यांसमोर आमची पोरगी आली. पुण्याहून आलेली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसून मला हेच, अगदी याच शब्दांत सांगणारी. आई, दोन हजार फक्त, जोडीनंच मिळतं. मैत्रिणी गेलो, म्हणाली होती.

अक्का हिशेब करत होत्या. "दोन न् दोन चार हजार. कापसाचा हमीभाव ८,११०. म्हणजे अर्धा क्विंटल कापूस. तोबी पांढरा असंल तर. औंदा सप्टेंबरच्या पावसानं बोंडं काळी पडली, व्यापारी हमीभावाचं नाव काढू देत नाही." आणि मग, जसं दूध उतू जाताना आधी नुसती साय हलते तसं, "जोडीनंच म्हणायलीस?"

"हो म्हणजे... तेव्हा तसं होतं."

"मंग दुसरं तिकीट कुणाचं?"

"असंल कुणी मित्र," मी म्हणाले आणि बादलीतली चादर उचलली. दोरीच्या त्या टोकाला, अक्कांच्या भिंतीजवळच्या खिळ्याला, महालक्ष्म्यांना पोरगी आली होती तेव्हा तुटलेली दोरी तिनं एका पांढऱ्या पट्ट्यानं अडकवून दिली होती. मजबूत आहे गं, म्हणाली होती. मी चादर नेमकी त्या टोकाला टाकली.

"आप्पा," मी मोठ्यानं म्हणाले, "तो मायकेल जॅक्सन नाही का आला होता, युतीच्या राज्यात!"

आप्पा खूश झाले. "शहाण्णवची दिवाळी तोंडावर होती. १ नोव्हेंबर. अंधेरीला. राज ठाकऱ्यांनी आणला, शिव उद्योग सेनेच्या नावानं, पोरांना रोजगार द्यायला म्हणून. त्याचीबी तसलीच फेरी चालू होती जगभर. सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून विमानतळावर ओवाळायला! मातोश्रीवर गेला. आन तिथल्या संडासात जाऊन आला, त्याची बातमी पेपरात!"

"शी!" अक्का म्हणाल्या, पण हसल्या. "आठवतंय मला. पोरं गल्लीत मागं मागं चालायची त्याच्यासारखी. गटारात पडलं होतं एक."

"२०१९ ला यू-टू आले, त्याच नेरूळच्या मैदानावर," मी रेटलं. "डिसेंबरात. बत्तीस वर्षांपूर्वीचा अल्बम घेऊन. जुना वग परत. ए. आर. रहमानही होता त्यांच्यासोबत."

"बरं," अक्का म्हणाल्या. "मित्र असता तर घरी सांगितलं असतं. मित्रासंगं जायला ट्रेनिंग कशाला लागतं?"

आता याला काय उत्तर आहे?

"आणि गंमत अशी," मी म्हणाले, "की २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम मोबाईलवर थेट दाखवला. स्टेडियमवर लाखाच्या वर माणसं. आपण घरी बसून बघू शकलो असतो."

"मंग त्यानं घरी का नाही पाहिला? मी चहा दिला असता." आणि लगेच, "अगं, ते एक आलतं ना मोबाईलवर! पावसाळ्यात. अमेरिकेत त्या मैदानात. कंपनीचा मोठा साहेब आन त्याच कंपनीतली बाई, गळ्यात गळा. कॅमेरा आला तसा हा खाली बसला, तिनं तोंड झाकलं. आमच्या भिशीच्या ग्रुपवर पन्नास वेळा आलं."

मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण शिक्षकी पेशात तीस वर्षं काढली की चुकीची माहिती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नाही, अपुरी पुरी केल्याशिवाय तर नाहीच. "तो ह्यांचाच कार्यक्रम, अक्का. कोल्डप्लेचाच. बोस्टनजवळ, १६ जुलैला. क्रिस मार्टिन प्रेक्षकांत कॅमेरा फिरवायला लावतो आणि पडद्यावर जे दिसतील त्यांच्यावर तिथल्या तिथं गाणं रचतो."

"काय म्हणतीस!" अक्का भिंतीवर निम्म्या वाकल्या. "म्हणजे आमच्याचंबी दाखवलं असंल पडद्यावर? त्या दुसऱ्या तिकिटासंगं?"

"एवढ्या साठ हजारांत..."

"त्या दोघांचंबी हजारांतूनच निघालं की!"

आपल्याकडे याला मैदान, पडदा, कॅमेरा काही लागत नाही. बसस्टँडवर कुणी कुणाशेजारी उभं राहिलं तर संध्याकाळपर्यंत पेठेत पोचतं, राजूर नाक्यावरून परत येईपर्यंत लग्नाची तारीखही निघते. अमेरिकेला त्यासाठी बिचाऱ्यांना बँड बोलवावा लागला. हे मनात आलं, पण बोलले नाही. मी शेवटचं हत्यार काढलं, जे मी तीस वर्षं पाचवीच्या वर्गावर वापरलं आहे.

"अक्का, जगाचा दौरा भोकरदनला नवा नाही. हे भोगवर्धन. सातवाहनांच्या काळात इथं हस्तिदंताचं काम करणारे कारागीर होते. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांत भोगवर्धनची माणसं आहेत, दगडावर कोरलंय. इटलीत पॉम्पेई नावाचं गाव ज्वालामुखीखाली गाडलं गेलं, इसवी सन ७९ मध्ये. तिथं १९३८ साली एक हस्तिदंताची मूर्ती सापडली, आपल्याकडची. दागिन्यांनी मढलेली बाई, दोन बाजूंना दोन दासी. आणि १९७३ मध्ये इथं केळणेच्या काठी विद्यापीठवाल्यांनी खणलं, तर तसल्याच हस्तिदंती बाईचा तुकडा! तशीच एक तेरलाही निघालेली. ती पॉम्पेईची बाई मूळची भोकरदनची असावी असं अनेक अभ्यासक मानतात. बैलगाडीनं बंदरापर्यंत, तिथून जहाजानं रोमच्या राज्यात. आता नेपल्सच्या संग्रहालयात उभी आहे."

आप्पांनी मान हलवली. हे त्यांनी माझ्याकडून शंभर वेळा ऐकलंय, तरी प्रत्येक वेळी मान हलवतात. अक्काही क्षणभर गप्प झाल्या. मला वाटलं, जिंकले.

"हिथली बाई," अक्का सावकाश म्हणाल्या, "एवढ्या लांब एकटी गेली?"

"मूर्ती हो ती."

"मूर्ती असू दे. दोन दासी होत्या म्हणालीस ना संगं? तसं बरं असतं. घरच्यांना काळजी नसते." त्यांनी पट्टा मनगटाला लावून पाहिला, हात लांब धरून पाहिला. "एक विचारू का बाई? तुला ह्यातलं एवढं कुठून ठाऊक?"

"पेपरात..."

"पेपरात डबी मध्ये आहे आन परत द्यायचा असतो, हेबी येतं?"

आप्पा खोकले. त्यांना खोकला नाहीये.

वारा म्हणावा तर नव्हता. अक्कांनीच भिंतीवरून हात घातला. "चादर अशी गोळा झाली तर वाळंल कशी," असं म्हणत त्यांनी ती दोन बोटांनी सरकवली. खिळ्याला पट्टा होता. पांढरा, मनगटाएवढा, मध्ये बारकी डबी. उन्हानं जरा पिवळा पडलेला.

कुणी काही बोललं नाही. अक्कांनी आपल्या हातातला पट्टा त्याच्याशेजारी धरला, साडीला काठ जुळतो का बघावं तसा. बघून काढून घेतला, कमरेला खोचला.

"पोरगी कधी यायलीय दिवाळीला?"

"धनत्रयोदशीला," मी म्हणाले. "सकाळच्या गाडीनं जालन्याला उतरेल."

"धाकटाबी तवाच." अक्का घराकडे वळल्या, दोन पावलं जाऊन थांबल्या. "मी जालन्याला जीप सांगायलीय. दोघांना मिळून एकच सांगते. उगं दोन भाडी कशाला?"